पावाचा तुकडा आणि सिंधुबंदी

१

गतवर्षीच्या वैशाखात आम्ही पाच स्नेही फ्रान्सच्या दक्षिण भागात पंधरा दिवस हिंडून आलो. सहलीचा हेतू अगदी माफक होता. मार्सेय, आर्ल, आव्हिन्यों व नीस ही चार गावे पाहावी, जुने अवशेष न्याहाळावे, आणि ज्या गावी जे पिकते व शिजते ते त्या गावी बसून खावे, यापलीकडे आमचा कोणताही संकल्प नव्हता. पाचांपैकी एक गृहस्थ गिरगावचे, दोघे परळ-लालबागचे, एक बाई दादरच्या, आणि पाचवा प्रस्तुत लेखक.

मार्सेय हे फार पुरातन बंदर आहे. इ. स. पूर्वी ६०० च्या सुमारास आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील फोकेआ या नगरातील ग्रीक दर्यावर्दींनी ते वसविले. समुद्राची एक लांबट खाडी शहराच्या थेट पोटात शिरली आहे, तिलाच जुने बंदर म्हणतात. सकाळी तेथील धक्क्यावर कोळी ताजी मासळी मांडून बसतात. तो देखावा पाहून आमच्यातील लालबागकरास भाऊच्या धक्क्याची आठवण झाली नसती तरच नवल. तेथील प्रसिद्ध मत्स्यपक्वान्न म्हणजे बुयाबेस. खडकाळ किनाऱ्यावर सापडणारी, बाजारात भाव न येणारी मासळी कोळ्यांनी घरच्यासाठी एका हंड्यात शिजवावी, हे त्याचे मूळ. आज त्यात केशर, बडीशेप व ऑलिव्हचे तेल पडून ते श्रीमंतांच्या मेजावर गेले आहे. आधी नुसता रस्सा व त्याबरोबर लसूण-मिरचीचे वाटण लावलेले पावाचे काप येतात, मासे मागाहून येतात.

गिरगावच्या स्नेह्यांस मांसाहार वर्ज्य. त्यांची सोय कशी होणार ही चिंता आम्हांस मुंबईहून निघतानाच होती. परंतु ती व्यर्थ ठरली. मार्सेय येथे 'पानिस' नावाचा एक पदार्थ मिळतो. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून घोटावयाचे, थंड करून थापावयाचे, आणि त्याचे तुकडे तेलात तळावयाचे. 'ही तर आपली पाटवडी!' असे उद्गार दादरच्या बाईंनी काढले, ते अगदी यथार्थ होते. फोडणी तेवढी राहिली होती. नीस येथे त्याच पिठाचे पातळ धिरडे मोठ्या तांब्याच्या परातीत घालून लाकडाच्या भट्टीत भाजतात व वर मिरपूड भुरभुरून देतात. त्याचे नाव 'सोका'. आमच्या शाकाहारी मित्राने या दोन पदार्थांवर, टोमॅटो-वांग्यांच्या भाजीवर आणि पावावर पंधरा दिवस आनंदाने काढले. आर्ल येथे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन रंगमंडल आहे, त्यात वीस हजार प्रेक्षक बसत. आव्हिन्यों येथे १३०९ पासून १३७७ पर्यंत पोपांचे वास्तव्य होते, त्यांचा किल्ल्यासारखा वाडा व नदीत अर्ध्यावर तुटलेला पूल आम्ही पाहिला. या सर्वांचे वर्णन प्रवासग्रंथांत विपुल आहे. ते येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही.

मार्सेय या नावाशी मराठी वाचकांचा परिचय मात्र निराळ्या कारणाने आहे. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' या आगबोटीच्या गवाक्षातून विनायक दामोदर सावरकर यांनी याच बंदरात समुद्रात उडी घेतली, ते किनाऱ्यास लागले, आणि फ्रेंच शिपायाने त्यांस परत इंग्रजांच्या स्वाधीन केले. प्रकरण हेग येथील लवादापुढे गेले व फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. त्या संध्याकाळी धक्क्याजवळच्या भोजनगृहात या गोष्टी बोलत असताना आमच्या मेजावर पावाची टोपली येऊन पडली. एकाने लांब पाव हातांनी मोडला, तुकडा स्वतः घेतला व टोपली पुढे सरकविली. तेव्हा सहज मनात आले की, ज्यांच्याविषयी आपण बोलत आहो त्यांनीच पुढे रत्नागिरीस स्थानबद्ध असताना हिंदू समाजाच्या पायांतील सात 'स्वदेशी बेड्या' मोजून दाखविल्या होत्या. त्यांतील सिंधुबंदी व रोटीबंदी या दोन बेड्या आम्ही पाचजण त्या क्षणी तोडून बसलो होतो, आणि आम्हांपैकी कोणासही त्याची जाणीव नव्हती. जी गोष्ट जाणिवेवाचून घडते तिच्यामागे कोणाचे तरी जाणीवपूर्वक सोसलेले कष्ट असतात. ते कोणाचे, व आमच्या मुंबई नगरीत ते कोठे कोठे सोसले गेले, याचा थोडा शोध घेणे हाच या लेखाचा विषय होय.

२

समुद्रपर्यटन निषिद्ध का, या प्रश्नाला शास्त्रवचनांची उत्तरे पुष्कळ आहेत. परंतु व्यवहारात खरी अडचण समुद्राच्या पाण्यापेक्षा जहाजावर पिण्याच्या पाण्याची होती. कोणी भरलेले, कोणी शिजविलेले, कोणाच्या पंक्तीस बसून खाल्लेले, हा प्रश्न जमिनीवर टाळता येत असे. जहाजावर तो दिवसातून दोन वेळा समोर येई. म्हणून सिंधुबंदी ही बव्हंशी रोटीबंदीचीच एक शाखा होती असे म्हणण्यास हरकत नाही.

याचे एक फार जुने उदाहरण पेशवाईतील आहे. राघोबादादांनी आपला पक्ष मांडण्यासाठी १७८१ साली हणमंतराव नावाच्या ब्राह्मणास विलायतेस धाडले. तेथे या मंडळींच्या जेवणाची मोठी पंचाईत झाली. शेवटी प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क याने आपल्या बीकन्सफील्ड येथील घरी त्यांस नेले आणि बागेतील काचघर त्यांच्या स्वाधीन केले. हेतू हा की, तेथे त्यांनी आपल्या आचाराप्रमाणे स्वतः रांधून जेवावे. एवढे सोवळे सांभाळूनही ते परतल्यावर त्यांस जातिबहिष्कृत मानण्यात आले. आणि सोन्याची प्रतिमा करवून तिच्यातून बाहेर पडण्याचा 'पुनर्जन्मा'चा विधी झाल्यावरच ते शुद्ध ठरले, असे त्या काळच्या इंग्रज लेखकांनी नमूद केले आहे. पुनर्जन्मावाचून ज्यातून सुटका नाही असा हा प्रवास होता.

पुढे १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबईचे युरोपशी असलेले अंतर एकदम कमी झाले. मुंबईहून निघालेली टपालाची आगबोट एडन, सुवेझ, पोर्ट सैद करीत मार्सेयला लागे. ज्यास जिब्राल्टरचा वळसा व बिस्केच्या उपसागरातील लाटा टाळावयाच्या असत तो येथेच उतरून आगगाडीने इंग्लिश खाडी गाठीत असे. त्यामुळे दक्षिण फ्रान्सचे हे बंदर म्हणजे कित्येक पिढ्यांच्या हिंदी विद्यार्थ्यांस व वकिलांस युरोपचा पहिला उंबरठा ठरले. प्रवास सोपा झाला. परंतु प्रायश्चित्ताचा प्रश्न कालव्याने सुटला नाही. तो मुंबईच्या गल्ल्यांतच सुटावयाचा होता.

३

मुंबईत या प्रश्नाची पहिली मोठी खडाजंगी १८४३ साली झाली. नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. न्यायालयाने श्रीपतीस वडिलांच्या ताब्यात दिले. त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता. परंतु तो पाद्र्यांच्या घरी जेवला होता, आणि तेवढे पुरेसे होते. 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांनी या मुलास प्रायश्चित्त देऊन स्वजातीत परत घ्यावे म्हणून पुढाकार घेतला, तेव्हा सनातनी मंडळींनी त्यांच्यावर काहूर उठविले. मुलाच्या अंतःकरणातील श्रद्धा कोणती, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. पोटात काय गेले एवढ्यावरच वाद झाला.

या वादाला सहा वर्षे होतात न होतात तोच, १८४९ साली, मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. मराठी भाषेचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे प्रेरक, व राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. सभा गुप्त होती. जातिभेद मानणार नाही अशी प्रतिज्ञा तर घ्यावयाचीच. परंतु नुसत्या शब्दांवर विश्वास न ठेवता सभेने एक कसोटी ठरविली होती. नव्या सभासदाने ख्रिस्ती भटारखान्यातील पावाचा तुकडा सर्वांसमक्ष खावयाचा.

आजच्या वाचकास ही कसोटी पोरकट वाटेल. पण पाव म्हणजे त्या काळी काय होते हे लक्षात घेतले पाहिजे. पाव फिरंग्यांनी आणलेला, गोव्याकडील ख्रिस्ती भटाऱ्यांनी भाजलेला, व पीठ फुगविण्यासाठी ताडी घातलेला; म्हणजे परधर्म, परहस्त व मद्य असे तिन्ही दोष त्या एका घासात एकवटलेले होते. वसई-गोव्याकडे तर, पाद्र्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, नकळत त्या विहिरीचे पाणी प्यालेला सारा गाव त्यामुळे बाटला, अशा आख्यायिका पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. त्या आख्यायिकेत पाद्र्याच्या कपटापेक्षा गावाची कठोरता मला अधिक दिसते. पाण्यात पडलेल्या तुकड्यामुळे ज्यांनी आपली माणसे कायमची टाकली, त्यांनी तो पाव विहिरीत टाकणाऱ्याचे काम निम्म्याहून अधिक सोपे करून ठेवले होते. परमहंस सभेच्या तरुणांनी तोच तुकडा उचलून तोंडात घातला, यात त्यांचे धैर्य निःसंशय होते.

मात्र ते धैर्य बंद दाराआडचे होते. १८६० साली सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली आणि नावे फुटण्याच्या भीतीने सभा मोडली. अकरा वर्षे गुप्तपणे पाव खाणारे लोक उघडपणे पाव खाल्ल्याचा बोभाटा होण्याच्या नुसत्या शक्यतेने पांगले. त्यांस भित्रे म्हणून हसणे सोपे आहे. पण बहिष्कार म्हणजे मुलीचे लग्न अडणे, घरात मर्तिक झाल्यास खांद्यास माणूस न मिळणे, न्हावी-भट बंद होणे. हे ज्याने भोगले नाही त्याने हसू नये. सभा मोडली तरी विचार मोडला नाही. दादोबांचेच बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थनासमाज निघाला, आणि पुढे गिरगावात त्याचे मंदिर उभे राहिले. ज्या चौकास आजही मुंबईकर 'प्रार्थनासमाज' म्हणतात, तेथून जाणाऱ्या किती जणांस हे ठाऊक असते की या नावाच्या मुळाशी एका पावाच्या तुकड्याची भीती व त्या भीतीवर मिळविलेला अर्धाच विजय आहे?

अर्धाच म्हणावयाचे कारण, १८९० साली पुण्यात जे पंचहौद मिशनचे प्रकरण घडले त्यावरून दिसते. मिशनच्या आवारात एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी ती घेतली, काहींनी नुसता पेला हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापवून टाकली आणि शंकराचार्यांपर्यंत खटला गेला. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. रानड्यांसारख्या पुरुषाने पुढे प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांच्या अनुयायांस अतोनात दुःख झाले. विद्वत्ता, अधिकार व वय या तिन्हींना चहाचा एक पेला भारी पडला.

४

विचारवंतांच्या सभांनी जे काम अर्धे सोडले ते पुढे मुंबईच्या पोटाने हाती घेतले. पोटास तत्त्वज्ञान नसते. त्यास वेळेची निकड असते. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापसाची पहिली गिरणी काढण्याचा उद्योग आरंभिला, आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, शिवडी, वरळी या टापूंत धुराड्यांचे रान माजले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून हजारो पुरुष एकटेच येऊन चाळींतील गाळ्यांत दहा-दहा, वीस-वीस मिळून राहू लागले. पाळी संपवून आलेल्या या माणसांस भाकरी कोणी द्यावी? तेव्हा शेजारच्याच खोलीतील एखाद्या बाईने, बहुधा विधवेने किंवा अपुऱ्या पगाराच्या संसारात गुरफटलेल्या गृहिणीने, चार माणसांचे जास्त रांधावयास सुरुवात केली. हीच गिरणगावातील खाणावळ. महिन्याचा हिशेब, गावी गेल्याचे खाडे वजा, रविवारी थोडी मासळी, आणि पगार लांबला तर उधारी. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्या बायांस एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व त्यांस बँकेचे कर्ज मिळवून दिले, तोपर्यंत या स्त्रियांच्या श्रमाची नोंद त्यांच्या खाडे-वहीपलीकडे कोठेही नव्हती.

परंतु खाणावळ म्हणजे जातिभेदाचा अंत, असे समजणे भाबडेपणाचे होईल. बहुतेक गाळे एका गावचे, म्हणून बहुधा एका जातीचे. आणि खाणावळीही तशाच. गिरणीच्या आतही पंक्तिभेद होताच. साचेखात्यात मजुरी चांगली मिळे, पण त्या खात्यात अस्पृश्यांस प्रवेश नसे. आणि त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. धोट्यातील धागा तुटला म्हणजे तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. तेव्हा अस्पृश्याचे उष्टे आपल्या तोंडी येईल, ही इतर विणकरांची हरकत! रोटीबंदी अशी भाकरीवाचूनही चालत असे. सुताच्या धाग्यावरूनही ती माणसाच्या ताटापर्यंत पोहोचत असे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा कामगारांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांसही तो गैरसोयीचा वाटला.

डॉ. आंबेडकरांचे चरित्र या विषयात पदोपदी आठवते, आणि त्यातील पुष्कळसे याच भागात घडले. ते परळच्या बी. आय. टी. चाळीत अनेक वर्षे राहिले. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी परळच्याच दामोदर हॉलमध्ये होती. पुढे ते दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधून राहू लागले. न्यूयॉर्क व लंडन येथे शिकलेला हा विद्वान १९१८ साली मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात प्राध्यापक झाला, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्याने घेण्यास सहकाऱ्यांनीच हरकत घेतली. ज्याने दोन महासागर ओलांडले त्यास खोलीच्या कोपऱ्यातील भांड्यापर्यंत चार पावले टाकू दिली नाहीत. सिंधुबंदी मोडली म्हणजे रोटीबंदी आपोआप मोडते, असे मानणाऱ्यांस हे एकच उदाहरण पुरे आहे.

या सर्व काळात एक दार मात्र बरेचसे उघडे होते, ते इराण्याच्या दुकानाचे. इराणातून आलेल्या या जरथुष्ट्रीयांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवरील जागा घेतल्या. हिंदू दुकानदार त्या अशुभ मानीत, म्हणून त्या स्वस्त मिळत, असे सांगतात. गिरगावच्या वेशीवर, धोबीतलावाजवळ, कयानी मंडळींचे दुकान १९०४ साली निघाले. संगमरवरी फळीचे मेज, वाकविलेल्या लाकडाची खुर्ची, ब्रून-मस्का व चहा. गिऱ्हाइकाची जात जाणून घेण्यात इराण्यास काही लाभ नव्हता, सबब तो ती विचारीत नसे. परमहंस सभेत ज्या पावासाठी प्रतिज्ञा व गुप्तता लागे, तोच पाव येथे दोन पैशांत, उघड्या दाराने, वर्तमानपत्र वाचीत खाता येऊ लागला. ब्राह्मणी उपाहारगृहांच्या पाट्या शेजारीच होत्या, पुष्कळ घरांत हॉटेलात खाणे हे व्यसनातच जमा होते, आणि स्त्रियांसाठी तर 'फॅमिली रूम' म्हणून लाकडी पडद्यांची खोकी असत. तरी मित्राबरोबर बाहेर जाऊन खाणे ही कल्पना याच मेजांवर रुजली. घरातील पंगत जन्माने ठरते, दुकानातील मेज मैत्रीने ठरते. आणि मैत्री ही जातीपेक्षा कितीतरी अनियमित वस्तू आहे.

५

बंद खोलीतील प्रतिज्ञा व दुकानातील बेफिकिरी यांच्या मध्ये एक तिसरा मार्ग होता: उघड, जाहीर, समारंभपूर्वक सहभोजन. १९२७ साली मुंबईत निघालेल्या समाज समता संघाने अशी सहभोजने घडवून आणली. रत्नागिरीस सावरकरांनी सहभोजनांचा धडाका लावला आणि १९३३ साली तेथे अखिल हिंदू उपाहारगृह उघडविले; तेथे चहा देणारा व घेणारा यांच्या जातीचा विचार करावयाचा नाही असा दंडक होता. मुंबईत 'निर्भीड'कार अनंत हरी गद्रे यांनी १९४० च्या दशकात झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेस बसावयाचे अस्पृश्य मानलेल्या जोडप्याने, आणि तीर्थ-प्रसाद घ्यावयाचा सर्वांनी. प्रसाद म्हणजे साजूक तुपातील शिरा नव्हे, तर झुणका-भाकर. गद्र्यांची योजकता अशी की, सनातन्यास नाकारता येणार नाही असा सत्यनारायण त्यांनी निवडला आणि गरिबास परवडेल असा प्रसाद निवडला. आचार्य अत्र्यांनी त्यांस 'समतानंद' ही पदवी दिली, ती शोभून दिसली.

या उद्योगांची त्या काळी थट्टा पुष्कळ झाली. एक दिवस एकत्र जेवून काय होणार, उद्या पुन्हा आपापल्या घरी आपापला चौका, असे म्हणणारे सुधारकांतही होते. आक्षेपात तथ्य आहे. तथापि सवय ही अशाच एकेका दिवसाने बनते. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकण्यास सुरुवात केली, असे सर्वत्र सांगतात. गिरणीच्या पाळीस जाणारा, कचेरीत जाणारा, कॉलेजचा विद्यार्थी, सर्वांनी तो उभ्या-उभ्या खाल्ला. ज्या वस्तूने १८४३ च्या सुमारास घराणी हादरत, ती सव्वाशे वर्षांत मराठी माणसाच्या अभिमानाची खूण झाली. आजचा कोणीही मराठी मनुष्य वडापाव खाताना आपण परमहंस सभेची दीक्षा घेत आहो असे मानीत नाही. दादोबांच्या विजयाचा याहून मोठा पुरावा कोणता?

६

येथे लेख संपविता आला असता, तर मनास बरे वाटले असते. परंतु इतिहास सोयीच्या ठिकाणी थांबत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार उतरले. त्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि त्यांच्याबरोबर पाळीवरून येणाऱ्या माणसांच्या खाणावळीही आटल्या. गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. त्याच मुंबईत, भाडेकरू किंवा खरेदीदार मासे-मटण खातो एवढ्यावरून त्यास घर नाकारल्याच्या तक्रारी आज वारंवार कानी येतात. ज्या टापूत मसाल्याचे डंख दिवसभर चालत आणि सुक्या मासळीचा वास चाळीचा स्थायीभाव होता, त्या शहरात हा प्रकार व्हावा, हे मोठे विलक्षण आहे.

याचा विचार करताना एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मी काय खात नाही, हा माझ्या रुचीचा किंवा व्रताचा प्रश्न आहे. त्यात दुसऱ्याने हात घालू नये. मी कोणाबरोबर खात नाही, हा मात्र दुसऱ्याच्या मानाचा प्रश्न होतो. पहिल्यास पथ्य म्हणावे, दुसऱ्यास बंदी. आमच्या गिरगावच्या स्नेह्यांनी पंधरा दिवस पथ्य पाळले, आणि आमच्या बुयाबेसच्या हंड्याशेजारी बसून आपली पानिस खाल्ली. त्यांच्या व्रतास बाध आला नाही व आमच्या मेजास उणेपणा आला नाही. पथ्याचा वेष घेऊन बंदी पुन्हा घरात शिरू पाहते, तेव्हा ओळखण्याची खूण एवढीच: पथ्य स्वतःच्या ताटाकडे पाहते, बंदी शेजाऱ्याच्या.

मार्सेयच्या त्या संध्याकाळी आमचे परळचे मित्र बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या आजीची खाणावळ होती; पंचवीस-तीस डबे व तेवढीच जेवणारी माणसे. मग लालबागच्या मित्राकडे वळून ते म्हणाले, "तुझे आजोबा आमच्याकडे आले असते, तर आजीने त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवून वाढलं असतं. पेलाही वेगळा होता. मी पाहिलाय तो. ती वाईट नव्हती रे, पण पेला वेगळा होता." लालबागच्या मित्रांचे आजोबा गिरणीत तीस वर्षे रिंगखात्यात राबले, साचेखात्याचे दार त्यांस कधी उघडले नाही. ते क्षणभर थांबले. "आजोबा आलेच नसते," असे म्हणून त्यांनी टोपलीतील राहिलेला पाव दोन हातांनी मोडला, आणि त्यातला मोठा तुकडा परळकरांच्या ताटात ठेवला.

बाहेर बंदरात दिवे लागले होते. दादरच्या बाईंनी आणखी एक टोपली पाव मागविला.